कंपायलर काकू

मॅडमसमोर ‘होत नाहीये’ म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच, तर हातातलं काम टाकून त्या त्याच्या मागे येऊन उभ्या राहायच्या. “काय होत नाहीये? कुठे होत नाहीये? समोर लिहिलंय ते मोठ्याने वाच.” मुलगा स्क्रीनच्या तळाची ओळ वाचायचा. “ती नको. वर जा. अजून वर. पहिली चूक वाच. खालच्या चाळीस चुका तिचीच पोरंबाळं आहेत.”

मुलुंडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो. मशीन चालू ठेवायची, प्रिंटरला कागद घालायचे, प्रॅक्टिकलच्या आधी सगळं तयार ठेवायचं आणि काही बिघडलं की शिव्या खायच्या, हे माझं काम. मॅडम तिथे चिप डिझाइन शिकवायच्या. वय पन्नाशीच्या पुढे, सुती साडी, खाली पांढरे स्पोर्ट्‌स शूज आणि खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत स्वतःचा कीबोर्ड. कॉलेजचे कीबोर्ड त्यांना चालायचे नाहीत. “एस दाबला की दोनदा उमटतो. चुकते कमांड आणि दोष सॉफ्टवेअरला.” रोज सकाळी स्वतःचा कीबोर्ड जोडायच्या आणि आमचा उचलून माझ्या टेबलावर, माझ्या डब्याशेजारी, आणून ठेवायच्या. अकरा वर्षं त्या कंत्राटावर होत्या. दर जूनला नवं पत्र.

मुलं त्यांना ‘कंपायलर काकू’ म्हणायची. त्यांच्या पाठीमागे मीही म्हणायचो.

नाव पडलं ते त्यांच्या हट्टामुळे. चिप आखायचं जे सॉफ्टवेअर त्या शिकवायच्या, ते फुकट आणि उघडं. त्याचा सोर्स कोड, म्हणजे लिहिणाऱ्यांनी लिहिलेला मजकूर, कुणालाही मिळतो. तो उतरवून घ्यायचा, आपल्या मशीनवर कंपाइल करून त्यातून चालणारा प्रोग्रॅम तयार करायचा, मग तो बसवायचा. रेडीमेडही मिळतं, एका कमांडमध्ये बसतं. मॅडम ते बसवू द्यायच्या नाहीत. रेडीमेड असतं जुनं, आणि चिप जिथे बनते त्या कारखान्याच्या नियमांची फाइल, तार किती जाड, दोन तारांत अंतर किती, ही त्या जुन्याला वाचताच येत नाही. हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा वाटायचं, बाईला खोड आहे, दुसरं काय.

शिवाय कॉपी-पेस्टला बंदी. प्रत्येक कमांड वहीत लिहायची, पुढे ती कशासाठी तेही लिहायचं, मगच टाइप करायची. कंपाइल चालू असताना एसी बंद, कारण लॅबचं वायरिंग जुनं होतं. तीसही मशीन जोरात चालली आणि वर एसी लागला की मेन स्विच पडायचा आणि अर्ध्या तासाचं काम जायचं. ऑक्टोबरच्या उकाड्यात पोरं घामाने निथळत बसायची आणि मॅडम स्क्रीनवर पळणाऱ्या ओळींकडे बघत उभ्या असायच्या. कुणाचं पहिलं पूर्ण झालं की फळ्यावर त्याचं नाव लिहायच्या. शाबासकी तेवढीच.

आमच्या एचओडींशी, म्हणजे विभागप्रमुखांशी, त्यांचं पटणं शक्यच नव्हतं. एचओडी गोड माणूस. सगळ्यांच्या वाढदिवसांना केक कापायचे. एका मीटिंगमध्ये त्यांनी पडद्यावर दाखवलं, ‘विभागात अत्याधुनिक चिप डिझाइन सॉफ्टवेअर उपलब्ध.’ कुठल्या तरी मोठ्या कंपनीचं, महागडं. मॅडम उठल्या. “कुठे आहे? मला दाखवा ना सर. मी इतकी वर्षं शोधतेय.” सगळे हसले. एचओडीही हसले. पण त्यांचे कान लाल झाले होते, मी दारात उभा राहून बघितलं.

मला तेव्हा मजा वाटली होती. माझी पाळी आली तेव्हा नाही वाटली.

झालं असं की एकदा सॉफ्टवेअर बसवताना मशीन सारखं ‘परवानगी नाही’ सांगत होतं. मी मोबाइलवर शोधलं, कुणीतरी कुठेतरी लिहिलेली एक ओळ सापडली, ती टाकली. त्या ओळीने अख्ख्या डिस्कवरची सगळी कुलुपं उघडली. मला वाटलं, जमलं. म्हणून तीच ओळ तेरा मशीनवर टाकली. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकावरही धड लॉगिन होईना. मॅडम आल्या, बघितलं आणि थर्ड इयरच्या अख्ख्या बॅचकडे वळल्या.

“याने काय केलंय माहितेय? खोलीचं दार उघडेना, म्हणून याने बिल्डिंगच्या सगळ्या भिंती पाडल्या.”

साठ पोरं हसली. मी चौतीस वर्षांचा होतो. त्यातली निम्मी पोरं मला ‘सर’ म्हणायची. त्या दिवसापासून ‘भिंतीवाले सर’ म्हणायला लागली.

मग दोन दिवस मॅडमनी मला ती तेरा मशीन पहिल्यापासून उभी करायला लावली. स्वतः शेजारी स्टूलवर बसल्या. कीबोर्डला हात लावला नाही. मी चुकलो की नुसतं म्हणायच्या, “वाच.” त्या दोन दिवसांत मी जेवढं शिकलो तेवढं डिप्लोमाच्या तीन वर्षांत शिकलो नव्हतो. हे खरं आहे, आणि त्या दोन दिवसांत मी त्यांचा जेवढा द्वेष केला तेवढा कुणाचाच केला नव्हता, हेही खरं आहे.

पुढच्या वर्षी तपासणी कमिटी यायची होती. आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी एचओडींनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि हातात पेनड्राइव्ह ठेवला.

“हे सगळ्या मशीनवर टाक. विंडोजवर. उद्या सुट्टी आहे, उद्याच टाक.”

“काय आहे सर?”

“तेच, कंपनीवालं सॉफ्टवेअर. क्रॅक केलेलं आहे, लायसन्स लागत नाही, चालतं झकास. दोन दिवस स्क्रीनवर दिसलं की झालं. आणि हे बघ, बसवताना अँटिव्हायरस मध्ये येतो, तो बंद कर.”

“मॅडमना सांगू?”

“त्यांना कशाला? त्यांना सोर्स कोड लागतो ना?” ते हसले. मीही हसलो. मनापासून हसलो. शनिवारी एकटा येऊन मी तीसही मशीनवर ते टाकलं. अँटिव्हायरस बंद केला. पेनड्राइव्हमध्ये काय आहे ते कुणालाच वाचता येण्यासारखं नव्हतं, आणि मला वाचायचंही नव्हतं.

सोमवारी सकाळी सगळ्या स्क्रीनवर एकच चिठ्ठी होती. तुमच्या फायली कुलूपबंद झाल्या आहेत, सोडवून हव्या असतील तर पैसे पाठवा. मशीनवरच्या गेल्या त्या गेल्याच, पण सर्व्हरवरचं सामायिक फोल्डरही गेलं. लास्ट इयरच्या सोळा ग्रुपचे प्रोजेक्ट त्यात होते. एक मुलगी जमिनीवर बसून रडत होती. एचओडी आले, त्यांनी बघितलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “सगळं फॉरमॅट कर. आजच. कमिटी यायच्या आत.” मी केलं. म्हणजे पुरावाही माझ्याच हाताने पुसला गेला.

सोळांपैकी चार ग्रुपचं काम वाचलं. ते मॅडमचे ग्रुप. त्यांच्या मुलांना दर शुक्रवारी सगळा कोड कॉलेजबाहेर, इंटरनेटवर, ठेवायला लावायच्या त्या, न ठेवणाऱ्याला वर्गात घ्यायच्या नाहीत. दुपारपर्यंत स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली. हिच्याच पोरांचं बरं वाचलं? संध्याकाळपर्यंत कुजबुजीचा आरोप झाला.

चौकशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये झाली. प्राचार्य, एचओडी, मॅडम आणि मी.

एचओडी हळू आवाजात बोलले. “सर, मॅडमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण इंटरनेटवरून कुणाचाही कोड आणून त्या मशीनवर चढवतात. कुणी लिहिला, कुठून आला, काही माहीत नसतं. मी कितीदा तोंडी सांगितलं.”

प्राचार्यांचा विषय केमिस्ट्री. ते म्हणाले, “सोर्स कोड म्हणजे ते हॅकर लोक वापरतात तेच ना?”

मॅडम चिडल्या की त्यांचा आवाज चढायचा नाही, खाली यायचा. “सर, सोर्स कोड म्हणजे ज्याच्यात लपवायला जागा नाही असा प्रोग्रॅम. जे लॅबमध्ये आलं ते बंद डब्यातून आलंय. शनिवारी लॅब उघडली होती. मी शुक्रवारी माझी खुर्ची टेबलाखाली सरकवून गेले, सोमवारी ती खिडकीशी होती. किल्ली याच्याकडे असते. याला विचारा.”

प्राचार्य माझ्याकडे वळले. “शनिवारी आला होतास का रे?”

एचओडी पेनचं टोपण उघडत होते, लावत होते. माझ्याकडे बघतही नव्हते. तेवढी खात्री होती त्यांना माझी.

“नाही सर,” मी म्हणालो.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “ठीक आहे. लिहून घ्या. नाही म्हणाला.” आणि उठून गेल्या.

कमिटी बुधवारी आली. सायबर हल्ला झाला म्हणून हळहळली, चहा प्यायली, चांगले शेरे देऊन गेली. जूनमध्ये मॅडमना नवं पत्र मिळालं नाही. शेवटच्या दिवशी त्या लॅबमध्ये आल्या, आपला कीबोर्ड काढला, पिशवीत घातला. मी कपाटाआड उभा होतो. पुढच्या वर्षी मी कायम झालो.

हे घरी सांगितलं तेव्हा आई ताटात भात वाढत होती. आम्ही कणकवलीकडचे, घाटकोपरला येऊन दोन पिढ्या झाल्या तरी आईची मालवणी गेलेली नाही. भाताचा डाव तसाच हातात धरून ती म्हणाली, “त्या बायेची नोकरी गेली मरे? मगे तू कित्याक गप रवलंस?” मी म्हटलं, मलाही नोकरी आहे, घर आहे. लोकांना सांगायला हे कारण चांगलं आहे. कुणीही मान डोलावतं. खरं कारण असं की त्या केबिनमध्ये ‘नाही सर’ म्हणताना मला बरं वाटलं होतं. साठ पोरांसमोर माझं हसं केलंत ना, भोगा आता.

तीन वर्षं गेली. मग एकाएकी जो तो चिपबद्दल बोलायला लागला. पेपरात चिप, टीव्हीवर चिप. कॉलेजच्या गेटवर बॅनर लागला, ‘आमचे स्वतःचे चिप डिझाइन केंद्र’. त्यावर एचओडींचा फोटो, हाताची घडी घालून. त्यांनी मला बोलावलं.

“अरे, ती बाई करायची ना ते सोर्स कोडवालं, ते सगळ्या मशीनवर चढव. फुकट असतं ना ते? पंधरा दिवसांनी उद्घाटन आहे.”

‘ती बाई.’ मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “हो सर.”

बसलो. कोड उतरवला. कंपाइल सुरू केलं आणि पहिल्याच मिनिटाला पडलं. खिडक्या आणि बटणं काढणारी एक लायब्ररी मशीनवर नव्हती. ती घातली. पुन्हा पडलं, दुसरं काहीतरी नव्हतं. वहीत लिहीत गेलो, वर जाऊन पहिली चूक शोधत गेलो. ऑफिसातला एकजण म्हणाला, रेडीमेड टाक ना यार, कोण बघतंय? मी त्याच्यावर असा ओरडलो की तो घाबरून निघून गेला. चौथ्या दिवशी पहिलं मशीन उभं राहिलं, कारखान्याच्या नियमांची फाइल उघडली, स्क्रीनवर रंगीत पट्ट्या आल्या. दहाव्या दिवशी तीसही झाली. आनंद व्हायला हवा होता. मला इतका संताप आला की कीबोर्ड टेबलावर आपटला. कारण हे सगळं मला कुणी शिकवलं ते मला माहीत होतं.

उद्घाटनाला नारळ फुटला. एचओडी माइकवर म्हणाले, “आम्ही हे रेडीमेड आणलेलं नाही. सोर्स कोडपासून, अगदी शून्यातून उभं केलंय.” टाळ्या पडल्या. मी खाली बघितलं तर माझेही हात टाळ्या वाजवत होते.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, मी प्राचार्यांच्या हातात पत्र दिलं. शनिवार, पेनड्राइव्ह, कुणी दिला, कुणी टाकला, फॉरमॅट कुणी करायला लावलं, सगळं. प्राचार्यांनी वाचलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. “तीन वर्षं झाली रे. आता उकरून काय मिळणार?”

“सर, मॅडमच्या अनुभवाच्या दाखल्यावर आपण ‘चौकशीअंती मुदतवाढ नाही’ असं लिहिलंय. त्यांना दोन कॉलेजांनी नाकारलं. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं.”

“बघू,” ते म्हणाले. बघू म्हणजे काय ते त्या कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे.

रविवारी पत्राची झेरॉक्स घेऊन मी चेंबूरला गेलो. पत्ता त्याच विद्यार्थ्याने दिला. तीन मजली जुनी बिल्डिंग, दुसरा मजला. दार मॅडमनीच उघडलं. केस पिकले होते. “तू?” म्हणाल्या, आणि दारातून बाजूला झाल्या.

आत जेवणाच्या टेबलावर चार मुली दोन लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. गोवंडीच्या, पॉलिटेक्निकच्या. स्क्रीनवर ओळी पळत होत्या. “तुमचं चालू द्या,” मॅडम त्यांना म्हणाल्या आणि मला खुर्ची दाखवली. मी पत्र पुढे केलं. उभ्या उभ्याच वाचलं त्यांनी. पहिलं पान, दुसरं पान. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. रडतील, शिव्या देतील, निदान ‘बरं केलंस’ म्हणतील.

“‘चौकशीच्या वेळी ही माहिती देण्याचे माझ्याकडून अनवधानाने राहून गेले,’” त्यांनी मोठ्याने वाचलं. मुली बघायला लागल्या. “अनवधानाने?”

“म्हणजे... पत्रात लिहितात तसं.”

“विसरला होतास तू?”

“नाही.”

“मग?”

आणि माझा स्फोट झाला. “मॅडम, मी आलोय ना? नोकरी धोक्यात घालून दिलंय हे पत्र! दोन पानं खरं लिहिलं आणि तुम्हाला एक शब्द दिसतो? तुम्ही अशाच होतात. साठ पोरांसमोर माझी लाज काढलीत. भिंतीवाले सर म्हणतात मला अजून. ही काय शिकवायची पद्धत असते?”

टेबलावरची एक मुलगी उठून उभी राहिली. मॅडमनी तिला हाताने बसवलं.

“ते माझं चुकलं,” त्या म्हणाल्या. आवाज एकदम खाली. “तुला एकट्याला बोलायला हवं होतं. त्याच रात्री कळलं होतं मला. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. त्याचा राग होता म्हणून ‘नाही’ म्हणालास?”

मला तिथून पळावंसं वाटत होतं. “हो,” मी म्हणालो. “नोकरीची भीती होती. पण तोही होता.”

“मग ते लिही. मी तीन वर्षं घरी बसलेय. मुलाखतीला गेले की समोरचा दाखला वाचतो आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघतो. कुणाच्या विसरभोळेपणामुळे बसलेय असं मी कागदावर येऊ देणार नाही.”

मुलींनी टेबलाचा एक कोपरा रिकामा करून दिला. मी दोन पानं पुन्हा लिहिली. अक्षर घाण आलं. त्यांनी वाचलं, एका ठिकाणी तारीख चुकली होती ती दाखवली.

“आता बरोबर आहे.”

“मॅडम, माफ...”

“नाही,” त्या म्हणाल्या. “अजून नाही. मला राग आहे अजून. खोटं कशाला बोलू?” आणि मुलींकडे वळल्या, कारण त्यांचं कंपाइल पडलं होतं. मी जिना उतरलो. रागाने माझे कान तापले होते. त्यांचा राग, एचओडींचा, माझा स्वतःचा, कुठला कुठे संपत होता ते कळत नव्हतं.

पुढचं सांगून टाकतो. दुसरं पत्र प्राचार्यांना ड्रॉवरमध्ये ठेवता आलं नाही, कारण शिक्का मारलेली प्रत मी मॅडमना पोचवली आणि त्या वकिलाला घेऊन आल्या. त्यांना नवा, स्वच्छ दाखला मिळाला. नोकरी परत मिळाली नाही. एचओडींना एक कारणे दाखवा नोटीस गेली, ती कुठे गेली ते कुणी सांगू शकत नाही, आणि बॅनरवरचा त्यांचा फोटो आहे तिथेच आहे. माझी एक वेतनवाढ थांबली आणि मला परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला बसवलं. मॅडमचा फोन कधी आला नाही. मीही केला नाही.

पण त्या रविवारनंतरचा सोमवार माझ्या डोळ्यांसमोर आहे. सकाळी दहाला मी ऑफिसच्या खिडकीशी उभा राहिलो आणि आवक-जावकच्या क्लार्कपुढे पत्र सरकवलं. तिने वर विषय वाचला, माझ्याकडे बघितलं.

“अहो, हे गुरुवारीच सरांच्या हातात दिलंत ना? आता परत काय?”

“त्यात एक शब्द खोटा होता,” मी म्हणालो. “शिक्का मारा.”